स्थलांतराने रिकाम्या होत चाललेल्या गावाचा आराखडा: सुरुवात उरलेल्या हातांपासून

गावातून माणसं बाहेर पडू लागली की विकासाच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्यांना परत कसं आणायचं? हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. गेलेला माणूस पगार, मुलांची शाळा, दवाखाना असा सगळा हिशेब मांडून गेलेला असतो, आणि आपल्या एखाद्या योजनेने तो हिशेब सहसा उलटत नाही. शिवाय तो येईल या भरवशावर आखलेली कामं, म्हणजे साठ घरांच्या श्रमदानावर चालणारा पाट किंवा रोज राखण लागणारी बाग, आज गावात असलेल्या मूठभर लोकांच्या अंगावर पडतात. मग दोन-तीन वर्षांत ती बंद पडतात आणि "गावकऱ्यांचा सहभाग कमी पडला" असा अहवाल लिहिला जातो.

अशा गावात जमीन असते. बाहेरून येणारा पैसाही बऱ्याचदा असतो. तुटवडा असतो तो हातांचा. म्हणून इथे उलट्या टोकाने सुरुवात केली आहे: आज गावात कोण आहे, त्यांच्याकडे किती वेळ आणि किती ताकद आहे, आणि तेवढ्यात पाणी, जमीन, उत्पन्न आणि कारभार कसा टिकेल. ग्रामसमिती, बचत गट, संस्थेचे कार्यकर्ते आणि दूर राहून गावासाठी काही करू पाहणारे यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

पायरी १: घरोघरची नोंद, महिन्यांसकट

जनगणनेचा आकडा इथे फारसा कामाचा नाही, कारण कोणत्या महिन्यात कोण गावात असतं हे तो सांगत नाही. स्थलांतराचे ढोबळ तीन प्रकार असतात. हंगामी, म्हणजे काही महिने बाहेर आणि काही महिने घरी. कर्ता माणूस वर्षानुवर्षं बाहेर आणि बाकीचं घर गावात. आणि घराला कुलूप लावून गेलेलं अख्खं कुटुंब. पहिल्या प्रकारात कामाचं वेळापत्रक जुळवावं लागतं, दुसऱ्यात अधिकार हस्तांतरित करावे लागतात, तिसऱ्यात जमीन आणि घर यांची व्यवस्था लावावी लागते. तिघांना एकच योजना लागू केली की ती कोणालाच लागू पडत नाही.

साधी वही घ्या, दर घराला एक पान द्या. नमुन्यादाखल एक पान असं दिसेल:

*घर १७. वर्षभर राहणारे: सासू (६८, गुडघे दुखतात), सून (३४), नात (१२), नातू (७). बाहेर: मुलगा, आठ वर्षांपासून, वर्षातून एकदा तीन आठवडे येतो. जमीन: चार तुकडे, त्यांतले दोन पडीक. जमिनीचे कागद: वारलेल्या सासऱ्यांच्या नावे. पाणीवाटप समितीचा सभासद: मुलगा. बँकेत जाते: सून. खातं: मुलाच्या नावे.*

हे पान नीट वाचा. जमीन हयात नसलेल्या माणसाच्या नावावर, सभासदत्व गावात नसलेल्या माणसाच्या नावावर, आणि जी राबते तिचं नाव एकाही कागदावर नाही. तिला कर्ज मिळणार नाही, अनुदान मिळणार नाही, पाण्याची पाळी चुकली तर तक्रारही करता येणार नाही. अशी किती पानं भरतात ते मोजलं की गावाची खरी अडचण समोर येते, आणि ती बऱ्याचदा पावसाची किंवा मातीची नसून कागदाची निघते.

नोंद करताना दोन गोष्टी सांभाळा. सुट्टीत सगळे घरी आलेले असताना ती करू नका. त्या दिवसांतलं गाव खोटं असतं. आणि कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं राहतं ही माहिती फलकावर लावू नका. वही समितीकडे राहू द्या, जाहीर करायचे ते फक्त एकूण आकडे.

पायरी २: नवा उद्योग नंतर, आधी ओझं कमी करा

पाच माणसांच्या घराला माणशी ५० लिटर धरलं तर दिवसाला २५० लिटर पाणी लागतं. वीस लिटरच्या भांड्याने त्याच्या बारा-तेरा खेपा होतात. जाऊन, भरून, परत यायला वीस मिनिटं लागत असतील तर चार तास फक्त पाण्यात जातात. जनावरांचं पाणी, सरपण आणि चारा अजून यात धरलेलाच नाही. पूर्वी हे काम चौघांत वाटलेलं असायचं, आता ते एकटीवर आलेलं असतं. अशा बाईला दुपारी तीन तासांच्या उद्योजकता शिबिराला बोलावणं म्हणजे तिची झोप मागणं आहे.

म्हणून क्रम असा ठेवा: पाणी घराजवळ आणणं, सरपणाची गरज घटवणं, चारा जवळच्या जमिनीवर उगवणं, दळण-मळणीसारखी कामं यंत्रावर नेणं. या चारांतून रोजचे दोन तास जरी सुटले तरी पुढच्या सगळ्या पायऱ्यांना जागा होते.

यंत्र निवडताना किंमत आणि क्षमता यांच्याआधी दोन प्रश्न विचारा. साठीतली बाई ते एकटी चालवू शकेल का? आणि बिघडलं तर गावातलं कोण दुरुस्त करेल? दुसऱ्या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर म्हणजे एखाद्या हुशार तरुणाला प्रशिक्षणाला पाठवणं. तो शिकतो, प्रमाणपत्र घेतो आणि त्याच प्रमाणपत्राच्या जोरावर शहरात कामाला लागतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने यावर काढलेला मार्ग आता बराच माहितीचा झाला आहे: सौरदिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकवण्यासाठी त्यांनी मध्यमवयीन, बऱ्याचदा निरक्षर बायका निवडल्या, आफ्रिकेतल्या देशांमधूनही बोलावल्या. रंगखुणा, चित्रं आणि हाताने करून पाहणं यांवर शिक्षण बेतलं. निवडीमागचं कारण सरळ होतं, या बायका गाव सोडून जाणार नाहीत. आपल्या गावातही दुरुस्तीसाठी किमान दोघी तयार करा. एक आजारी पडली तर दुसरी असते.

पायरी ३: जमिनीचे तीन भाग

सगळी जमीन पुन्हा लागवडीखाली आणायचा हट्ट सोडा. गावाचा नकाशा जमिनीवरच रेखाटा, शेतात रोज जाणाऱ्या बायकांना आणि गुराख्यांना बोलवा आणि प्रत्येक तुकडा तीनपैकी एका भागात टाका.

पहिला भाग म्हणजे घराजवळची, पाणी असलेली, चांगल्या मातीची जमीन. खत, पाणी, कुंपण, मेहनत सगळं इथेच लावायचं. वन्य प्राण्यांचा त्रास वाढलेल्या भागात हे तुकडे शक्यतो एकाला एक लागून असावेत. चहूबाजूंनी पडीक असलेल्या एकट्या शेताची राखण कोणालाच झेपत नाही, आणि रानडुकरांनी दोन हंगाम खाल्ले की तेही शेत पडीक होतं. लागून असलेल्या वीस शेतांना मात्र एकच कुंपण पुरतं. त्यासाठी तुकड्यांची अदलाबदल करावी लागली तर ती लेखी करा.

दुसरा भाग कमी मेहनतीच्या वापराचा: गवत, चारा, फळझाडं, लाकूड. इथे नवी रोपं लावण्याआधी जमिनीत काय जिवंत आहे ते पाहा. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये १९८३ च्या सुमारास टोनी रिनाउडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या लक्षात आलं की शेतात झुडपं म्हणून छाटली जाणारी खुंटं म्हणजे तोडलेल्या झाडांची जिवंत मुळं आहेत. प्रत्येक खुंटावरचे मोजके जोमदार फुटवे राखायचे आणि बाकीचे काढायचे, एवढीच पद्धत. ना रोपवाटिका, ना टँकरने पाणी. या मार्गाने त्या देशात सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली. तिथले पुरुष कोरड्या हंगामात कामासाठी बाहेर जातात, तरी हे चाललं, कारण त्याला थोडे हात पुरतात. मात्र एक अट होती: झाड वाढवणाऱ्याला त्याचं लाकूड आपलंच राहील ही खात्री वाटायला हवी होती.

तिसरा भाग सोडून द्यायचा. पण सोडणं हेही काम आहे, आणि ते टाळलं की महागात पडतं. उतारावरच्या पायऱ्यांच्या शेतात वरचा बांध फुटला की पाणी खालचे बांध एकामागून एक फोडत येतं. त्यामुळे वरची शेतं सोडताना पाण्याला सुरक्षित वाट काढून द्या, फुटके बांध दगडांनी बुजवा किंवा मुद्दाम उतार देऊन मोकळे करा, मग गवत येऊ द्या. दुसरा धोका वणव्याचा. पोर्तुगालच्या अंतर्भागात वस्ती विरळ झाली आणि पडीक जमिनीवर निलगिरी, पाइन आणि झुडपं माजली. जून २०१७ मध्ये पेद्रोगाओ ग्रांद भागातल्या वणव्यात ६६ माणसं मेली, त्यांतली बरीच रस्त्यावर, गाड्यांतून पळताना. तिथल्या नियमानुसार घराभोवती ५० मीटर आणि वस्तीभोवती १०० मीटर पट्टा साफ ठेवावा लागतो. नियम आधीपासून होता, अंमल त्या आगीनंतर कडक झाला. कोरडा उन्हाळा असलेल्या कुठल्याही गावाने आधी हा पट्टा नकाशावर आखावा, आणि तो साफ ठेवायचं काम जमेल तेवढं शेळ्यांवर सोपवावं.

आता यातली सगळ्यात चिवट गाठ. बाहेर गेलेला मालक जमीन पाडून ठेवतो, पण दुसऱ्याला कसायला देत नाही. कसणारा पुढे हक्क सांगेल ही भीती त्याला असते. तोंडी वचनाने ती जात नाही. लेखी करार करा: मुदत किमान पाच वर्षं, मालकी बदलणार नाही हे स्पष्ट, कसणाऱ्याने केलेल्या बांधबंदिस्तीची भरपाई कशी ते नोंदलेलं, आणि समितीची साक्ष. एका वर्षाच्या करारावर कोणी शेणखत टाकत नाही. शक्य असेल तर जमीन व्यक्तीऐवजी गटाला द्या, मालकांचा विरोध त्याने बराच निवळतो. कराराचा मसुदा स्थानिक कायदा जाणणाऱ्याकडून तपासून घ्यायचाच, कारण कुळाचे हक्क ठिकठिकाणी वेगळे असतात.

पायरी ४: मत आणि सही गावात राहणाऱ्याकडे

सभासद बाहेर, कोरम पूर्ण होत नाही, निर्णय लांबणीवर; अशी अवस्था अनेक समित्यांची असते. सामायिक पाणी, कुरणं आणि जंगलं लोक कशी टिकवतात यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर काम केलं आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना दिसलेली एक खूण अशी की नियम ज्यांना लागू होतात त्यांना ते बदलण्यातही वाटा असतो. घर १७ मधल्या सुनेला तो वाटा नाही.

बदल छोटा पण लेखी असू द्या. दर घराला एक मत, आणि सहा महिन्यांहून अधिक काळ गावात असलेल्या प्रौढ व्यक्तीने ते द्यायचं. बाहेरच्याला फोनवरून बोलता येईल, मत देता येणार नाही. नेपाळच्या सामुदायिक वनांच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत कार्यकारिणीत निम्म्या महिला असाव्यात असं म्हटलं आहे. मात्र सभा ज्या वेळेला भरते त्या वेळी त्या मोकळ्या नसतील तर हा आकडा कागदावरच राहतो. चूल, गोठा आणि शाळेची वेळ पाहून सभा ठेवा.

श्रमदानाचाही हिशेब नव्याने मांडा. समजा पाट साफ करायला १२० मनुष्यदिवस लागतात. साठ घरं होती तेव्हा वाट्याला दोन-दोन दिवस येत. आता पंचवीसच घरांत काम करू शकणारं माणूस असेल तर प्रत्येकावर जवळपास पाच दिवस येतात. हे फुकट मागणं अन्यायाचं आहे. उरलेल्या पस्तीस घरांनी दोन दिवसांची चालू मजुरी भरावी आणि ती प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना रोख मिळावी. ज्या घरात फक्त वृद्ध आहेत त्यांना दोन्हीतून सूट. दंडापेक्षा हा दर जास्त चालतो, कारण बाहेरच्याला दोन दिवसांची मजुरी भरणं सोपं असतं आणि गावातल्याला ती कमाई असते.

पायरी ५: बाहेरून येणारा पैसा

२०२३ मध्ये अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत स्थलांतरितांनी अधिकृत मार्गाने साडेसहाशे अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम पाठवली. हा आकडा पाहून धोरणकर्त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. पण तो कुटुंबांचा पैसा आहे. औषध, शाळा, कर्ज आणि घर यांत जातो, आणि तिथेच जायला हवा. गावाच्या कामासाठी वेगळी वर्गणी मागायची असते. त्याआधी पैसे पाठवण्याचा खर्च तपासा. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत हा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांखाली आणायचं ठरलं आहे, जागतिक सरासरी अजून ६ टक्क्यांच्या वर आहे. कोणत्या मार्गाने किती कापलं जातं याची तुलना करून गटाला सांगणं हे एका दुपारचं काम आहे आणि त्याचा फायदा दर महिन्याला होतो.

सामूहिक वर्गणीचं गाजलेलं उदाहरण मेक्सिकोचं. झाकातेकास प्रांतातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी आपापल्या गावांची मंडळं काढली. २००२ पासून देशभर लागू झालेल्या योजनेत मंडळाच्या प्रत्येक पेसोमागे केंद्र, राज्य आणि स्थानिक सरकार एकेक पेसो घालत असे. त्यातून रस्ते, पाणी, वीज झाली. पण जिथे मंडळ बळकट तिथे निधी जास्त, ही अडचणही दिसली. सर्वांत गरीब गावांतून तर अनेकदा मंडळ काढण्याइतकी माणसं बाहेर पोचलेलीच नसतात. फ्रान्समधल्या मोरोक्कन कामगारांनी १९८६ मध्ये काढलेल्या 'स्थलांतर आणि विकास' या संस्थेने दक्षिण मोरोक्कोत वीज आणि पाण्यापासून सुरुवात केली, आणि गावात राहणाऱ्यांच्या समित्या उभ्या करून कारभार त्यांच्याकडे दिला. मला हा दुसरा रस्ता जास्त भरवशाचा वाटतो.

बाहेरच्यांना दिसणाऱ्या गोष्टी आवडतात: प्रवेशद्वार, सभागृह, नावाची पाटी. पाइपलाइनच्या व्हॉल्व्हवर कोणाचं नाव कोरत नाहीत. तेव्हा नियम करून टाका की चालवण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च कुठून येईल हे लिहिल्याशिवाय कोणतंही बांधकाम मंजूर होणार नाही. दहा वर्षं टिकणारा पंप असेल तर दरवर्षी किमतीचा दहावा हिस्सा, महागाई धरून थोडा जास्त, बाजूला पडला पाहिजे. खातं वेगळं, सह्या तिघांच्या, त्यांत किमान दोन गावात राहणारे आणि किमान एक महिला. दर तिमाहीला खर्चाच्या पानाचा फोटो सगळ्यांना पाठवायचा. दुसऱ्या वर्षी वर्गणी येते की आटते हे या फोटोवर ठरतं.

पायरी ६: वजनाला हलकं, वेळेला सोयीचं उत्पन्न

जपानच्या शिकोकू बेटावरच्या कामिकात्सूत १९८१ च्या कडाक्याच्या थंडीत संत्रावर्गीय फळांच्या बागा गेल्या. गावातली तरुण मंडळी आधीच कमी होत होती. १९८६ पासून तिथे झाडांची पानं आणि फुलं विकायचा धंदा सुरू झाला. उपाहारगृहांत ताटाच्या सजावटीला ती लागतात. काम मुख्यतः वृद्ध बायका करतात. मागणी संगणकावर आणि टॅबवर दिसते, जिला जमेल ती ऑर्डर उचलते, पानं तोडून, निवडून, आकारानुसार मांडून पाठवते. यात पानं हा योगायोग आहे. घ्यायची ती रचना: माल हातात मावतो, काम बसून होतं, आज तब्येत बरी नसेल तर ऑर्डर सोडता येते, आणि कोणता माल केव्हा विकला जाईल हे घरबसल्या कळतं.

कोणताही धंदा निवडताना त्याचं वर्षाचं वेळापत्रक मांडा. केशर वजनाला हलकं आणि मोलाचं. मोरोक्कोच्या तालिविन भागात ते पिकतं. पण एक ग्रॅम केशराला साधारण दीडशे फुलं लागतात आणि ती मोजक्या आठवड्यांत, पहाटे, ऊन चढायच्या आत खुडावी लागतात. हलका माल असूनही हातांची गरज एकदम शिगेला जाते. बाहेरची माणसं त्या वेळी सुट्टीवर येऊ शकत असतील तर जमलं, नाहीतर लागवड उरलेल्या हातांना खुडता येईल एवढीच ठेवा. मध, सुकवलेल्या वनस्पती, बियाणं, शेळीपालन या सगळ्यांना हीच कसोटी लावा. बाहेर गेलेली माणसं इथे पैशापेक्षा ग्राहक मिळवून देण्यात जास्त उपयोगी पडतात, कारण ती बाजाराच्या शेजारी राहतात.

पायरी ७: रिकामी घरं आणि नवी माणसं

कुलूपबंद घर छतापासून मरतं. वर्षातून एकदा पावसाआधी सगळ्या बंद घरांची छपरं, पन्हाळी पाहायची आणि मालकाला फोटो पाठवायचा, एवढं एखाद्या गटाला मोबदला घेऊन करता येतं. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. तिथल्या अनेक स्थानिक संस्था अशा घरांची यादी ठेवून ती भाड्याने किंवा विकत मिळवून देतात. २००९ पासून तिथे शहरातल्या लोकांना जास्तीत जास्त तीन वर्षं मानधनावर ग्रामीण भागात काम करण्याची योजनाही आहे, आणि मुदत संपल्यावर निम्म्याहून अधिक जण त्याच परिसरात राहतात. त्यात मानधन, राहायला घर आणि ठरलेलं काम हे तिन्ही हातात देऊनच माणूस बोलावला जातो.

परतण्याचा प्रश्न आता घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये १९८९-९० नंतर पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाची कामं झाली, शेतीसाठी कूपनलिकांवर बंदी आली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरू लागली. गाव सोडून गेलेली कुटुंबं त्यानंतर परत आली. पाणी आधी आलं, माणसं नंतर. येऊ पाहणाऱ्याला थेट नोकरी सोडायला सांगू नका. एक हंगाम करारावर जमीन आणि रिकामं घर देऊन पाहू द्या.

पायरी ८: दरवर्षी काय मोजायचं, आणि थांबायचं केव्हा

लोकसंख्या हा आकडा यादीच्या तळाशी ठेवा. वर मोजा: पाण्यावर घरटी रोज किती तास जातात, पंप बंद पडल्यापासून चालू होईपर्यंत किती दिवस लागले, लेखी करारावर किती तुकडे कसले जातात, सभेत किती निर्णय गावात राहणाऱ्या बायकांच्या मताने झाले, देखभाल निधीत किती शिल्लक आहे. पाच आकडे पुरेत. त्याहून जास्त मोजायला हातच नाहीत.

हे आकडे सलग तीन-चार वर्षं बिघडत जात असतील तर वस्ती आवरती घेण्याची चर्चा उघडपणे करावी. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधल्या लिटल बे आयलंड्स या गावाने ती केली. सरकारी पुनर्वसनासाठी कायम राहणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांचा होकार लागत होता; आधीच्या मतदानात ही अट अगदी थोडक्यात हुकली, २०१९ मध्ये सगळ्यांनी होकार दिला आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वीज आणि फेरीबोट बंद झाली. आपल्याकडे अशी योजना असो वा नसो, तीन गोष्टी तिथून घेता येतात: मत फक्त कायम राहणाऱ्यांचं, बहुमताची अट मोठी, आणि सेवा बंद होण्याची तारीख सगळ्यांना आधी ठाऊक. चौथी आपण घालावी. पाण्याचा स्रोत, चराई आणि जंगलाचे हक्क, दफनभूमी-स्मशानभूमीची देखभाल आणि निधीतली शिल्लक कोणाकडे जाईल हे मतदानाच्या आधी लिहून सह्या घ्या, कारण नंतर या सह्यांसाठी सगळी माणसं एका जागी सापडत नाहीत.